बत्तिसाव्या किलोमीटरचं पाणी

पहिल्या दिवशी फोरमन चार खांब धावला आणि पाचव्याला मिठी मारून उभा राहिला. पहाटेची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही, म्हणून बरं. नाहीतर वीज कंपनीच्या लाइनवरचा फोरमन, एकतीस वर्षं खांबांवर चढण्यात घालवलेला गडी, खांबाच्या बुडाशी धापा टाकतोय आणि खांब सोडायला तयार नाही, हे बघून कुणालाही हसू आलं असतं. त्याला स्वतःला आलं नाही. त्यानं दम खाता खाता गणित केलं. दोन खांबांत पन्नास मीटर अंतर, म्हणजे वीस खांबांचा एक किलोमीटर. मॅरेथॉनचे बेचाळीस किलोमीटर म्हणजे आठशे चाळीस खांब. पण त्याला आठशे चाळीस नको होते. सहाशे चाळीस पुरे होते, कारण बत्तिसाव्या किलोमीटरला त्याची मुलगी पाणी वाटत उभी राहणार होती.

मुलगी त्याच्याशी तीन वर्षं बोलली नव्हती. फोन उचलत नव्हती, पत्रं न फोडता परत येत होती. आईशी मात्र तिचं दर रविवारी बोलणं व्हायचं, तेही बाप दाढी करायला न्हाव्याकडे गेला की. अशाच एका रविवारी फोरमन न्हाव्याचं दुकान बंद बघून लवकर परतला, आणि बायकोनं फोन घाईघाईनं ठेवला. मग गप्प बसवेना म्हणून तीच बोलून गेली, "यंदाही उभी राहणार म्हणे त्या शर्यतीत. पुलावर. पाणी द्यायला."

पूल चार किलोमीटर लांब होता आणि शर्यतीच्या दिवशी त्यावर धावणाऱ्यांखेरीज कुणालाही सोडत नसत. बघ्यांना नाही, नातेवाइकांना नाही. पाण्याचं टेबल बरोबर मधोमध. फोरमननं त्याच दुपारी नाव नोंदवलं. अर्ज भरून घेणाऱ्या पोरीनं विचारलं, "काका, याआधी किती धावलाय?" फोरमन म्हणाला, "बस पकडण्यापुरतं."

आता, मुलीला भेटायला माणसानं इतका उपद्व्याप कशाला करावा, असं कुणीही विचारेल. तिच्या घराचं दार होतं की. फोरमन त्या दारापर्यंत दोनदा गेला होता. पहिल्यांदा तिनं उघडलं, बघितलं आणि लावून घेतलं. दुसऱ्यांदा जावयानं उघडलं. त्याच्या शर्टाची उजवी बाही कोपराखाली दुमडून पिन लावलेली होती. फोरमन दोन जिने चढून, घसा खाकरून, जे सांगायला आला होता ते सोडून भलतंच बोलला. "तब्येत बरी ना?" एवढं विचारून तो मागं फिरला. त्या दिवसापासून त्यानं स्वतःला ओळखलं होतं. दारातून मागं फिरता येतं, आणि जिथून मागं फिरता येतं तिथून हा माणूस मागं फिरतोच. पुलावरून मागं फिरायची सोय नव्हती.

सांगायचं होतं ते असं. लाइनवर काम करताना खालचा स्विच पाडतात आणि त्यावर लाल पाटी अडकवतात: माणूस वर आहे. ज्यानं पाटी अडकवली त्यानंच ती खाली उतरून काढायची. दुसऱ्या कुणी तिला हात लावायचा नाही, साहेबानं नाही, देवानंही नाही. हे फोरमननं दोन पिढ्यांच्या पोरांना शिकवलं होतं. त्यात जावईही होता; तो त्याच्याच हाताखाली तयार झाला होता, आणि पोरगा कामाचा चांगला म्हणूनच फोरमननं त्याला मुलगी दिली होती. त्या संध्याकाळी पाऊस भुरभुरत होता. निम्मा भाग अंधारात आणि वरून चौथ्यांदा फोन आला होता, अजून किती वेळ. फोरमननं खांबाखाली रेनकोटातली माणसं मोजली. पाच. सगळे उतरले. त्यानं जावयाची पाटी काढली आणि स्विच चढवला. पाचवा रेनकोटवाला रस्त्यानं जाणारा कुणी बघ्या होता. जावई वरच होता.

जीव वाचला, हात गेला. ही चूक होती, आणि चुकीला माणूस कसातरी तोंड देतो. पण पुढं चौकशीच्या खोलीत तीन माणसांसमोर फोरमनला विचारलं, पाटी कुणी काढली, आणि तो म्हणाला, "त्यानंच काढली असावी." लिहून घेणाऱ्यानं 'असावी' गाळलं आणि फोरमननं वाचून न बघता सही केली. म्हणजे बघितलं होतं. मूग गिळून बसला. जावयाच्या माथी निष्काळजीपणाचं खापर फुटलं, तो नोकरीवरून गेला, आणि फोरमन फोरमनच राहिला. बायकोला त्यानं तेच सांगितलं जे कागदावर होतं. ती बिचारी तेव्हापासून नवऱ्याची बाजू घेऊन मुलीशी भांडत होती.

तर आता तो धावत होता. रोज पहाटे, मोठ्या रस्त्याच्या कडेकडेनं, एक एक खांब मोजत. पहिल्या महिन्यात पन्नास खांब झाले. बायको म्हणाली, "म्हातारचळ म्हणतात तो हाच." दुसऱ्या महिन्यात त्याच्या पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडून निघून आलं, तेव्हा ती काही न बोलता कापूस आणि मलम घेऊन समोर बसली. पट्टी बांधून झाल्यावर म्हणाली, "तिच्यासाठी चाललंय ना हे? पण चूक तिची आहे. यायचं तर तिनं यावं." फोरमननं पाय मागं घेतला. तिच्या तोंडाकडे बघणं त्याच्यानं होत नव्हतं.

तो मनगटावर घड्याळ बांधत नसे, फोनही नेत नसे. ह्या रस्त्यावरचे खांब त्यानं स्वतः उभे केले होते, वीस वर्षांपूर्वी, खड्डे मोजून. त्याला घड्याळ काय शिकवणार? पाचव्या महिन्यात तीनशे खांब झाले, सहाव्यात साडेचारशे. सातव्यात एका रविवारी सहाशे. तीस किलोमीटर. त्या दिवशी तो घरी आला तो भिंत धरून, पण छातीत काहीतरी सैल झालं होतं. आणखी दोन किलोमीटर तर राहिले. दोन किलोमीटर माणूस रांगतही जाईल. अंघोळ करताना त्यानं ते वाक्य पहिल्यांदा मोठ्यानं म्हणून बघितलं, नळ सोडून, म्हणजे बायकोला ऐकू जाऊ नये. "पाटी मी काढली." तीनच शब्द होते. तेवढे म्हणायला त्याला तीनदा सुरुवात करावी लागली.

त्या रस्त्यावर दातांची एक डॉक्टरीणही धावायची. चाळिशीची, बडबडी, सहा मॅरेथॉन पचवलेली. येता-जाता ती त्याला "काका, खांदे सैल" असं ओरडून पुढं जायची. शर्यतीला तीन आठवडे उरले असताना ती एकदा त्याच्या बरोबरीनं धावली. थांबल्यावर फोरमन म्हणाला, "चोवीस झाले."

तिनं मनगटाकडे बघितलं. "एकोणीस."

"तुम्ही मधून आलात."

"तुमच्यासोबतच निघाले की, तुमच्या घराच्या कोपऱ्यापासून. एकोणीस किलोमीटर दोनशे मीटर." मग त्याचा चेहरा बघून ती जरा नरमली. "घड्याळं चुकतात कधी कधी, काका."

घड्याळ चुकलं नव्हतं. त्या संध्याकाळी फोरमननं कामावरची तीस मीटरची टेप आणली आणि दोन खांबांमधलं अंतर मोजलं. चाळीस मीटर. पुढच्या दोन खांबांतलं मोजलं. चाळीस. तिसरं मोजलं तेव्हा एक सायकलवाला थांबून बघायला लागला. सहा वर्षांपूर्वी रस्ता रुंद झाला तेव्हा एका ठेकेदारानं जुने खांब उपटून दिव्यांचे नवे खांब लावले होते, जवळ जवळ. फोरमनला हे माहीत नव्हतं असं नाही. नवे खांब त्याला दिसत होते, रंगही वेगळा होता. पण एकतीस वर्षं डोक्यात बसलेलं, खांब म्हणजे पन्नास मीटर. उलट गेले काही महिने तो मनात खूश होता, खांब भराभर येतात, आपला वेग वाढला म्हणून.

तो टेप गुंडाळत तिथंच खाली बसला. सहाशे खांब म्हणजे तीस नव्हे, चोवीस किलोमीटर. दोन नव्हे, आठ कमी पडत होते, आणि हातात एकवीस दिवस. पण त्याच्या तोंडचं पाणी पळालं ते त्या आठांनी नाही. त्या पावसातही त्यानं असंच केलं होतं. मोजलं होतं आणि तपासलं नव्हतं. पाच म्हणजे आपले पाच, असं धरून चालला होता. सायकलवाला विचारत होता, "काय, खांब हलवणार का?" फोरमन म्हणाला, "नाही. आहेत तिथंच राहतील."

डॉक्टरीण म्हणाली, आता वाढवू नका, शेवटच्या तीन आठवड्यांत कमी करायचं असतं, पायांना विश्रांती द्या. त्यानं मान डोलावली आणि पुढच्याच रविवारी बत्तीस काढायला निघाला. आठशे खांब, नव्या मापानं. सहाशेच्या आसपास डाव्या गुडघ्यात असं काही झालं की पाय टेकवेना. रस्त्याच्या कडेला सिमेंटच्या कठड्यावर बसून सत्तावन्न वर्षांचा फोरमन ढसाढसा रडला. हात तुटलेला माणूस शुद्धीवर आला तेव्हा तो रडला नव्हता. सही करताना रडला नव्हता. आता गुडघ्यासाठी रडत होता, आणि हे त्याला कळत होतं, आणि त्यानं रडू आणखीच येत होतं.

उरलेले दिवस तो बर्फ लावून बसला. बायको म्हणाली, "नका जाऊ." तो म्हणाला, "जायचंय." ती म्हणाली, "तिला मी सांगते ना, तुम्ही इतकं करताय म्हणून." फोरमन इतक्या जोरात "नको" म्हणाला की तिच्या हातातला चमचा खाली पडला.

शर्यत सहाला सुटली. नियम साधा होता. तिसाव्या किलोमीटरला पूल सुरू होई. दहा चाळीसला तिथं दोरी लावत, कारण नंतर पूल गाड्यांना मोकळा करायचा असे. दोरीच्या अलीकडे राहिलेल्यांना मागून येणारी बस उचलून नेई. म्हणजे चार तास चाळीस मिनिटांत तीस किलोमीटर. फोरमननं आयुष्यात पहिल्यांदा मनगटावर घड्याळ बांधलं होतं. रस्त्यावर पाट्या होत्या, एक, दोन, तीन, आणि त्या कुणीतरी तपासून लावल्या असतील असं धरून चालण्याखेरीज इलाज नव्हता.

पंधरापर्यंत तो बरा होता. विसाव्याला गुडघ्यानं आठवण करून दिली. चोविसाव्याला त्याच्या पायांना माहीत असलेला रस्ता संपला. पुढं सगळं उधारीवर. सव्विसाव्याला तो चालायला लागला, मग शंभर पावलं धावायचं, पन्नास चालायचं, मग पन्नास-पन्नास. आजूबाजूला लोक कडेला बसत होते, बूट काढून पाय बघत होते. एक तरुण जोडपं एकमेकांना "चल, चल" करत त्याच्या पुढून गेलं. फोरमन कुणाशी बोलत नव्हता. त्याला वाटत होतं, तोंड उघडलं तर ते तीन शब्द इथंच सांडतील आणि तिथं पोचल्यावर काही उरणार नाही.

एकोणतिसाची पाटी गेली तेव्हा दहा एकोणतीस झाले होते. अकरा मिनिटं, एक किलोमीटर. घरी बसून ऐकणाऱ्याला हे सोपं वाटेल. फोरमननं जिवाचं रान केलं. डावा पाय तो जवळजवळ ओढतच होता. पुलाच्या तोंडाशी दोन पोरं दोरी उलगडताना दिसली, तेव्हा त्यानं हात वर केला, जसा तो खांबावरून खालच्यांना खूण करायला करायचा: थांबा, माणूस आहे. पोरं थांबली. घड्याळात एक मिनिट शिल्लक होतं. एक पोरगा म्हणाला, "काका, बसमध्ये बसा, तुमची अवस्था बघा." फोरमन दोरीखालून गेला.

पुलावर वारा होता आणि माणसं फारशी नव्हती. आता धावणं शक्यच नव्हतं. तो चालत राहिला, कठड्याला हात टेकत, एक किलोमीटर, दीड. मागं बस हळूहळू येत होती, तिचं इंजिन ऐकू येत होतं. टेबल दिसलं तेव्हा ते आवरायला घेतलं होतं. दोघी-तिघी रिकामे पेले गोण्यांत भरत होत्या. टोपी घातलेली एक बाई उरलेलं पाणी ओतून टाकत होती. तिनं पाठमोरीच राहून, कुणीतरी येतंय एवढी चाहूल घेऊन, एक पेला भरला आणि वळून पुढं केला.

मग तिनं बघितलं. पेल्यातलं थोडं पाणी तिच्या बोटांवर सांडलं, पण तिनं हात मागं घेतला नाही.

"आधी प्या," ती म्हणाली.

तो प्यायला. पेला रिकामा झाला तरी तो तोंडाशीच धरून राहिला. मग म्हणाला, "पाटी मी काढली. त्यानं नाही काढली."

"माहीत आहे."

फोरमननं रिकामा पेला टेबलावर ठेवला.

"तो म्हणाला, मी काढली नाही. मग कुणी काढली असणार? तुम्ही उभे असताना तिथं पाटीला हात लावायची छाती दुसऱ्या कुणाची होती?" ती शांतपणे बोलत होती, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, बाबा."

"मला तुझ्या तोंडावर सांगायचं होतं. सात महिने... मी कधी धावलो नव्हतो. तुला भेटायचं तर दुसरा रस्ताच..."

"मला सांगून काय होणार? माझा त्याच्यावर विश्वास आहेच. ज्यांचा नाही त्यांना सांगा. तुमचं ऑफिस तुमच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. चालत."

 बत्तीस किलोमीटर आल्यावर निदान रडायला तरी मिळेल, ती तरी रडेल, असं त्यानं धरलं होतं. तिनं दुसरा पेला भरून त्याच्या हातात दिला. "हाही घ्या. चेहरा पांढराफटक पडलाय." मग तिनं विचारलं, "आईला सांगितलंत?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

"म्हणजे आई दर रविवारी मला..." ती बोलता बोलता थांबली आणि टेबलाचे पाय दुमडायला लागली. बसमधला माणूस दार उघडून म्हणाला, चला काका. फोरमन चढला. आत हरलेली पंधरा-वीस माणसं होती, पाय वर घेऊन बसलेली. शेजारचा म्हणाला, "पहिलीच ना? पुढच्या वर्षी होईल." फोरमन खिडकीतून मागं बघत होता. ती गोण्या उचलत होती. तिनं वर बघितलं नाही.

घराचे दोन जिने तो बसून, पायरी-पायरीनं चढला. बायकोनं दार उघडून त्याला आत घेतलं, पाय गरम पाण्यात सोडायला लावले आणि समोर बसून विचारलं, "भेटली?"

"भेटली."

"काय म्हणाली?"

इथंही मागं फिरता आलं असतं. काहीही सांगता आलं असतं, ती मानणारी होती. तीन वर्षं मानतच होती. फोरमनला ते दार उघडं दिसत होतं. पण पाय बादलीत होते आणि उठायची ताकद नव्हती. त्यानं सांगितलं. पाच माणसं मोजली ते, पाटी काढली ते, आणि खोलीत तीन जणांसमोर काय बोलला ते. 'असावी' त्यानं मध्ये आणलं नाही.

बायको ऐकून घेत होती. मग म्हणाली, "मी तिला फोनवर काय काय बोलले, तुम्हाला ठाऊक नाही. त्या पोराला काय काय बोलले." ती उठली, आत गेली आणि दार लावून घेतलं. फोरमन तसाच बसून राहिला. पाणी गार झालं. त्याला वाटलं, आता हीही गेली. एका दुपारी दोघींना गमावून बसलो, आणि दोघींचंही बरोबर आहे.

दोन तासांनी दार उघडलं. तिचे डोळे सुजले होते. तिनं बादली उचलली, मोरीत ओतली, पाय पुसायला टॉवेल त्याच्या अंगावर टाकला. हातात दिला नाही.

"ऑफिस उद्या किती वाजता उघडतं?"

"दहाला."

"मी येते बरोबर."

"तू कशाला? मी जाईन की."

"नको," ती म्हणाली. "एकटं सोडलं तर तुम्ही पुन्हा कुठंतरी धावत सुटाल."